शिकायला गेलेल्या लेकराचे मन



अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, वाशीमच्या अलीकडे, जऊळका नावाचे एक लहानसे स्टेशन लागते. मालेगाव तालुक्यातले हे आमचे गाव. स्टेशन आहे म्हणून लोक त्याला ‘जऊळका रेल्वे’ असेच म्हणतात. पूर्वी इथून मीटरगेजची लहान गाडी डुलत डुलत जात असे. २००८ साली रूळ रुंद झाले, गाड्या मोठ्या झाल्या. पण एक देखावा मात्र तसाच राहिला आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला, बारावीचे निकाल लागून प्रवेश झाले, की फलाटावर चारदोन घरची माणसे उभी दिसतात. मध्ये एक मुलगा किंवा मुलगी. शेजारी बॅग, गादीची वळकटी, लोणच्याची बरणी. आई म्हणते, “जेवत जाय बरं, बापू.” बाप दुसरीकडे पाहत म्हणतो, “अभ्यास कर.” गाडी येते, मूल चढते, आणि घर पुन्हा आपल्या सोयाबीन-तुरीच्या कामाला लागते.

या भागात मी पस्तीस वर्षे शिक्षक होतो. अशी कितीतरी मुले मी त्या फलाटावरून रवाना केली आहेत. त्यांच्या हातातले ओझे आपण सगळेच पाहतो, धावत जाऊन ते डब्यात चढवूनही देतो. पण एक ओझे मूल मनात घेऊन जाते. ते आपल्याला दिसत नाही, आणि खरे सांगायचे तर आपणच ते त्याच्या डोक्यावर ठेवलेले असते. आज त्या ओझ्याविषयी चार गोष्टी बोलायच्या आहेत. त्या बोलण्याचा मला अधिकार आहे तो मी शहाणा म्हणून नव्हे. एकदा मी स्वतः चुकलो म्हणून.

माझा एक विद्यार्थी होता. गणितात हुशार, स्वभावाने गरीब. तो एका शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात गेला. दिवाळीला घरी आला. जाताना आईने चिवडा-लाडूचा डबा भरून दिला. संक्रांतीला तो परत आला तेव्हा त्या माउलीने डबा उघडून पाहिला आणि ती तडक माझ्याकडे आली. म्हणाली, “मास्तर, डबा जसाचा तसा परत आला. चिवड्याले हातबी लावला नाही त्यानं. पोरगं घरात राह्यते, पन बोलत नाही.” मी पुस्तक वाचत बसलो होतो. मी म्हटले, “अहो, नवं गाव, नवा अभ्यास. होईल सवय. या वयात असंच असतं.” ती गेली. दोन दिवसांनी तो मुलगा मला स्टेशनावर भेटला. मी काय विचारावे? मी विचारले, “काय रे, कितवा नंबर आला?” तो हसला आणि म्हणाला, “अजून निकाल लागला नाही, सर.”

श्रोतेहो, निकाल लागून पंधरा दिवस झाले होते. पाच विषयांपैकी चार विषय राहिले होते. तो वर्गात जाईनासा झाला होता. दिवसा झोपायचा, रात्री जागायचा, घरी फोन केला की “सगळं ठीक आहे” म्हणायचा. अडाणी आईला जे नुसत्या डब्यावरून कळले, ते मला, पस्तीस वर्षे पोरांत काढलेल्या माणसाला, कळले नाही. त्या मुलाचे पुढे काय झाले ते मी शेवटी सांगणार आहे. आधी हा ताण म्हणजे काय ते पाहू.

ताण ही काही सर्वस्वी वाईट वस्तू नाही. गाडीला बैल जुंपला की जोताला ताण बसतोच. त्याशिवाय गाडी पुढे सरकायची नाही. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी प्रयोगातून दाखवून दिले, की थोडा दाब असला तर शिकणे सुधारते. पण दाब वाढतच गेला तर, विशेषतः काम अवघड असेल तर, शिकणे उलट बिघडते. पुढे १९३६ साली हान्स सेली या संशोधकाने दाखवले, की कारण कोणतेही असो, दीर्घकाळ ताण राहिला की शरीर एका ठरावीक रीतीने त्याला तोंड देते. आधी सावध होते, मग नेटाने टिकून राहते, आणि शेवटी थकून जाते. आता हे तुम्हा शेतकरी मंडळींना मी काय सांगावे? तासात बसलेला बैल तुम्ही पाहिलेला आहे. तो आळशी म्हणून बसत नाही. आणि अशा वेळी जो त्याला आणखी पराणी टोचतो, तो शहाणा शेतकरी नव्हे.

आपल्याला वाटते, शहरात गेलेल्या पोराला कसला आला ताण? पंख्याखाली बसायचे आणि वाचायचे. पण आकडे वेगळे सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने आठ देशांतील एकोणीस शिक्षणसंस्थांत पहिल्या वर्षाच्या जवळजवळ चौदा हजार विद्यार्थ्यांची पाहणी झाली; २०१८ साली ती प्रसिद्ध झाली. त्यात आपला देश नव्हता. पण त्यात असे दिसले, की सुमारे एकतृतीयांश मुलांना आयुष्यात केव्हा ना केव्हा उदासीनता, चिंता, व्यसन यांसारख्या एखाद्या मानसिक विकाराचा त्रास झालेला होता. म्हणजे तिघांत एक. आपल्याकडचा आकडा याहूनही जिव्हारी लागणारा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात तेरा हजारांवर विद्यार्थ्यांनी आपला जीव दिला, आणि त्यांत सर्वांत अधिक, सतराशेहून जास्त, आपल्या महाराष्ट्रातले होते. मी हा आकडा भीती घालण्यासाठी सांगत नाही. ही बाब कुणा एका घरची, कुणा एका दुबळ्या पोराची नाही, एवढेच ध्यानात यावे.

बरे, सगळ्यांचा ताण सारखा असतो का? नाही. जशी काळ्या जमिनीची अडचण वेगळी आणि मुरमाड जमिनीची वेगळी, तसे प्रत्येक विद्याशाखेचे आहे. आपला मुलगा कोणत्या शाखेत आहे आणि तिथले दुखणे काय, हे घरच्यांना ठाऊक असावे. नाही तर आपण डोके दुखत असताना पोटाला लेप लावत बसू.

वैद्यकीची गोष्ट घ्या. डॉक्टर व्हायला साडेचार वर्षांचा अभ्यास आणि वर, दवाखान्यात राहून काम करण्याचे, एक वर्ष लागते. अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ साली झाले. २०२४ साली वाशीमलाही सुरू झाले. आपल्या जिल्ह्याला ही अभिमानाची गोष्ट आहे. पण आत गेलेल्या मुलाचे पहा. तो तालुक्यात पहिला आलेला असतो. वर्गात बसतो तर डावीकडचाही पहिला, उजवीकडचाही पहिला. शंभर पहिल्यांत नव्याण्णव जणांना मागे बसावेच लागते! आयुष्यात प्रथमच तो साठावा येतो, आणि त्याला वाटते आपण फसवणूक करून इथे आलो. त्यात पाठांतराचा डोंगर, रात्रीची जागरणे, आणि विशीच्या वयात समोर माणूस मरताना पाहणे. एक गंमत पाहा, म्हणजे दुःखाची गंमत! उदासीनता हा आजार आहे हे तो पुस्तकात वाचतो, परीक्षेत लिहितो, आणि स्वतःला झाला तर लपवतो. ‘डॉक्टरच आजारी म्हणजे लोक काय म्हणतील’ ही भीती त्याला असते.

अभियांत्रिकीचा ताण निराळा. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून चालू आहे. तेव्हापासून वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांची पोरे या विद्येकडे ओढली गेली. इथले दुखणे म्हणजे साठत जाणारे विषय. पहिल्या सत्रात दोन राहिले, दुसऱ्यात तीन. नवे चालू असतानाच जुन्याची परीक्षा. सावकाराच्या व्याजासारखी ती बाकी वाढते. मराठीतून शिकलेल्या मुलाला गणित समजत असते, पण इंग्रजीतला प्रश्न समजत नाही. उठून विचारावे तर वर्ग हसेल. तो गप्प बसतो. गप्प बसण्याची ती पहिली सवय. माझ्या विद्यार्थ्याची कथा तिथूनच सुरू झाली होती.

कृषी शाखेत आपली मुले मोठ्या संख्येने जातात. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ चे. आपल्याला वाटते, शेतकऱ्याच्या पोराला शेतीचा अभ्यास म्हणजे खेळच. विषय सोपा जातोही. पण मनाला एक वेगळीच बोच लागते. वर्गात तो शिकतो, की एकरी इतके खत, इतके बियाणे, अमुक वेळेला अमुक पाणी. आणि घरी येतो तेव्हा बापाजवळ त्यातले निम्मेही करायला पैसा नसतो, विहिरीला पाणी नसते. शिकलेले बोलावे तर बाप दुखावतो, न बोलावे तर शिकून काय केले? शिवाय पदवीनंतर नोकऱ्या मोजक्या, म्हणून तिसऱ्या वर्षापासूनच स्पर्धा परीक्षेचे पुस्तक उशाशी असते.

कला, वाणिज्य आणि साध्या विज्ञान शाखेच्या मुलांना तर कोणी ताणाचे मानकरीच समजत नाही. तासिका थोड्या, परीक्षा सोपी, मग कसली काळजी? त्यांना ताण आहे तो कामाचा नव्हे, रिकामेपणाचा. ‘पुढे काय?’ या दोन अक्षरी-दोन अक्षरी शब्दांचा. जागा शेकड्यांनी आणि अर्ज लाखांनी. अभ्यासिकेत एकेक वर्ष जाते, वय वाढते, बरोबरीच्यांची लग्ने होतात. घरून फोन आला की “यंदा नक्की” असे म्हणायचे. अध्यापनाची पदवी घेऊन भरतीची वाट पाहत बसलेले तरुण तर, शिक्षकबंधूंनो, आपल्या प्रत्येकाच्या ओळखीचे आहेत. आणि जे संशोधनाला लागतात त्यांचे सारे भवितव्य एका मार्गदर्शकाच्या मर्जीवर असते. त्यांचे दुःख सांगायलाही वर्गमित्र नसतात.

या सर्व शाखांना कापत जाणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली पैसा. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पण पुष्कळांना बाजारात त्याहून कमी भावाने माल द्यावा लागला. हे घरच्या मुलाला ठाऊक असते. तो खानावळीचे बिल रुपयांत मोजत नाही, क्विंटलांत मोजतो. प्रत्येक घासाला त्याला बापाचे वावर दिसते. मग तो एक वेळचे जेवण कमी करतो, आणि आपल्याला सांगत नाही. आपण मात्र फोनवर म्हणतो, “तुझ्यासाठी आम्ही इतकं करतो, ध्यानात ठेव.” अहो, ते त्याच्या ध्यानातून क्षणभरही गेलेले नसते! त्याऐवजी शासनाच्या सवलतींची चौकशी एकत्र बसून करावी. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षणशुल्कात २०२४ पासून पूर्ण सूट आहे. अटी महाविद्यालयात विचाराव्यात. पैशाचा प्रश्न कागदावर मांडला की त्याची भीती निम्मी होते.

दुसरी गोष्ट मुलींची. मुलाला भीती असते नापास होण्याची. मुलीला भीती असते ती नापास झाल्यावर परत बोलावले जाण्याची. गुण कमी पडले की घरी विषय निघतो स्थळांचा. म्हणून ती ताप आला तरी सांगत नाही. वाटेत कोणी त्रास दिला तरी सांगत नाही. सांगितले तर बस बंद होईल, कॉलेज बंद होईल, हे तिला पक्के माहीत असते. मायबापहो, मुलीने विश्वासाने एखादी अडचण सांगितली आणि त्याची शिक्षा आपण तिलाच दिली, तर दुसरी अडचण ती कधी सांगणार नाही. धाकटी बहीणही सांगणार नाही. तिने पाहिलेले असते.

आता माझा मुद्दा सांगतो. शाखेशाखेचे ताण वेगळे. पण माणसाला आतून पोखरतो तो ताण नव्हे, तो लपवण्याचा खटाटोप. चार विषय राहिले ही लहान गोष्ट. ते सहा महिने लपवून ठेवणे ही मोठी. दर फोनला एक खोटे, ते सांभाळायला दुसरे. मूल का लपवते? लबाड म्हणून नव्हे. आपल्याला दुःख होऊ नये म्हणून लपवते. आणि आपण त्याला एकच प्रश्न विचारत आलो, “किती मार्क पडले?” म्हणून लपवते. ज्या दाराशी एकाच नाण्याची विचारपूस होते, त्या दाराशी ते नाणे खिशात नसलेला माणूस जाईल कशाला?

तर मग घरच्यांनी ओळखावे कसे? खुणा साध्या आहेत. झोप उलटीपालटी होते. अन्नावरची वासना उडते, किंवा एकाएकी वाढते. ज्यात गोडी होती, क्रिकेट म्हणा, भजन म्हणा, मित्र म्हणा, त्यात मन लागत नाही. फोन टाळला जातो, किंवा दोन शब्दांत आटोपला जातो. चिडचिड वाढते. उगाच डोके, पोट दुखते. परीक्षेच्या आधी चार दिवस असे झाले आणि परीक्षा संपताच मूल खडखडीत झाले, तर तो ताण. त्याची फार काळजी नको. पण अशी अवस्था दोन आठवडे जवळजवळ रोज राहिली, तर तो नुसता ताण नव्हे, ते आजारपण असू शकते. मलेरियाच्या तापाला आपण ‘मनाचा खंबीरपणा’ सांगत नाही, डॉक्टर गाठतो. इथेही तेच करावे. ‘मी तुम्हाला ओझं झालो’, ‘मी नसलो तर बरं होईल’ असे शब्द निघाले, किंवा मूल आपल्या आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागले, तर दोन आठवडे थांबूच नये. त्याच दिवशी जवळ जावे, त्याला एकटे ठेवू नये.

इथे एका गैरसमजाविषयी बोलतो. पुष्कळांना वाटते, ‘तुझ्या मनात जीव देण्याचे येते का?’ असे विचारले तर नसलेला विचार डोक्यात शिरेल. अभ्यासकांनी हे तपासून पाहिले आहे; तसे होत नाही. उलट शांतपणे, न रागावता विचारले तर माणसाला मोकळे वाटते. जे बोलता येते त्याची धार कमी होते. विचारल्यावर मात्र उपदेश करू नये. “आमच्या वेळी कंदिलाखाली अभ्यास केला” ही कथा त्या दिवशी नको. “अमक्याचा पोरगा बघ” हे तर कधीच नको. नुसते ऐकावे. शेवटी एवढेच म्हणावे, “बरं झालं सांगितलंस. आता हे आपलं दोघांचं काम.”

काही घरी अशा वेळी लेकराला बाहेरची बाधा झाली म्हणून कुणा बुवाकडे नेतात. श्रद्धा ज्याची त्याची. पण धूर, अंगारे, मारझोड यांनी हे दुखणे जात नाही, आणि मोलाचे दिवस मात्र जातात. मनाच्या आजाराला उपचार आहेत. प्रशिक्षित माणसाशी ठरवून केलेले बोलणे हा एक, आणि गरज पडली तर औषध हा दुसरा. उदासीनतेवरच्या औषधाचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत फरक नाही असे म्हणून सोडू नये. आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंदही करू नये. औषध घेणारा वेडा नसतो, जसा चष्मा लावणारा आंधळा नसतो.

मदत कुठे मिळेल? सर्वांत सोपी वाट फोनची. केंद्र शासनाने २०२२ च्या ऑक्टोबरात ‘टेली मानस’ नावाची सेवा सुरू केली. क्रमांक आहे १४४१६. एक-चार-चार-एक-सहा. पैसे पडत नाहीत, रात्रंदिवस चालू असते, मराठीत बोलता येते, नाव सांगायची सक्ती नाही. मूलही करू शकते, बापही करू शकतो. घराच्या भिंतीवर, पंचांगाशेजारी हा आकडा लिहून ठेवा. वसतिगृहात रॅगिंगचा जाच असेल तर १८००-१८०-५५२२ हा वेगळा क्रमांक आहे. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मनोविकारांची विचारपूस करता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असे धरले आहे, की जो जीव देऊ पाहतो तो तीव्र ताणाखाली होता. त्याला शिक्षा नव्हे, शुश्रूषा मिळावी. तेव्हा पोलिसांच्या भीतीने झाकपाक करू नये. आणि २०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने असे निर्देश दिले आहेत, की शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा. प्रवेश घेताना आपण फी विचारतो, खानावळ विचारतो, आता हेही विचारा, “मुलांशी बोलायला इथे कोण आहे?”

कोणी म्हणेल, हे सारे शहरी सोपस्कार. खेड्यात कोण मन उघडे करतो? तर आपल्याच अमरावती जिल्ह्यातले उदाहरण ऐका. डॉ. विक्रम पटेल यांच्या ‘संगात’ संस्थेच्या पुढाकाराने तिथल्या तीस खेड्यांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावपातळीवरच्या साध्या माणसांना शिकवून तयार केले. ती घरोघर गेली, बसली, बोलली. आधी उदासीनतेने आजारी असलेल्या शंभरांपैकी जेमतेम चार जण उपचाराला जात होते. दीड वर्षात ते प्रमाण सत्तावीसवर गेले. २०१७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तो कार्यक्रम विद्यार्थ्यांपुरता नव्हता, साऱ्या गावासाठी होता. पण त्यातून एक धडा मिळतो. आपली वऱ्हाडी माणसे अबोल नाहीत. त्यांना विचारणारे कोणी नव्हते.

शिक्षकबंधुभगिनींनो, आता थोडे आपल्याविषयी. शाळेतून मूल बाहेर पडले की आपण हजेरीपटावर रेघ ओढतो. पण त्याच्या लेखी आपण ‘सर’ असतोच. आईबापांजवळ बोलता येत नाही ते पुष्कळदा मूल शिक्षकाजवळ बोलते. शिक्षकाने दार उघडे ठेवले तर. निरोपसमारंभाला आपण सांगतो, “शाळेचे नाव उज्ज्वल करा.” त्याला एक वाक्य जोडावे, “आणि नापास झालात तरी शाळेत या.” सत्कार आपण पहिल्या आलेल्यांचे करतो. दिवाळीच्या सुटीत गावात आलेल्या सर्व शाखांच्या मुलांना एकदा चहाला बोलवावे. त्यात एखादा विषय राहून पुन्हा बसून पास झालेला मोठा मुलगा असावा, आणि त्याने आपली गोष्ट सांगावी. नव्याला त्या गोष्टीने जेवढा धीर येतो तेवढा आपल्या शंभर भाषणांनी येत नाही. आणि जायच्या आधी, बारावीच्या उन्हाळ्यातच, मुलाला इतके सांगून ठेवावे: पहिल्या सहामाहीत सगळ्यांनाच आपण मागे पडलो असे वाटते, वर्गात इंग्रजी न कळणारा तू एकटा नाहीस, आणि शाखा चुकली असे वाटले तर ती बदलता येते. बदलणे म्हणजे पळून जाणे नव्हे.

गाडगेबाबांनी आपल्या लोकांना पोटाला चिमटा घेऊन पोरे शिकवायला सांगितले. त्यांचेच नाव आज, १९८३ साली स्थापन झालेल्या आपल्या अमरावती विद्यापीठाला आहे. लोकांनी ते ऐकले. चिमटा घेतला, वावरे गहाण टाकली, पोरे शिकवली. त्या त्यागाला माझा नमस्कार. पण त्यागाचा हिशोब लेकराच्या हाती रोज देऊ नये. शिक्षण हे कर्ज वाटू लागले, की विद्यार्थी ऋणको होतो, आणि ऋणको धनकोला तोंड चुकवतो.

आता त्या मुलाचे राहिले. मार्च महिन्यात एका रात्री त्याच्या खोलीतल्या मित्राने त्याच्या बापाला फोन केला. “काका, हा दोन दिवस जेवला नाही. काहीबाही बोलतो. तुम्ही या.” त्या मित्राने ‘मला काय करायचं’ असे म्हटले नाही, म्हणून मी त्याला आजही मनातून नमस्कार करतो. बाप आणि काका रात्रीच निघाले. बापाने त्याला पाहिले आणि एकच शब्द विचारला नाही. निकालाचा नाही, फीचा नाही. म्हणाला, “चाल, घरी जाऊ. माय वाट पाहून राह्यली.” पुढे अकोल्याच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे सहा-सात महिने उपचार झाले. वर्ष बुडाले, बुडू द्या, पाऊसही एखाद्या साली बुडतो. दुसऱ्या वर्षी तो पुन्हा त्याच महाविद्यालयात गेला आणि दोन वर्षे उशिरा का होईना, पदवी घेऊन आला.

गेल्या दिवाळीत तो माझ्याकडे आला होता. मी त्याला म्हटले, “तेव्हा स्टेशनावर मी चुकीचा प्रश्न विचारला रे.” तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “सर, तुम्ही ‘जेवलास का?’ असं विचारलं असतं ना, तर मी तिथंच रडलो असतो.”

श्रोतेहो, या दिवाळीला तुमच्याही घरी गाडीने एखादे लेकरू येईल. त्याची बॅग उतरवून घ्याल तेव्हा मार्कांचा प्रश्न दोन दिवस उशिरा विचारा. त्याला पोटभर जेवू द्या, झोपू द्या, वावरातून एक फेरी मारून येऊ द्या. मग धुऱ्यावर बसून विचारा, “तिकडं करमतं का रे तुला?” आणि विचारल्यावर उत्तराची वाट पाहा. ते लगेच येणार नाही. पण येईल.